२८-१३५ पॉवर झूमने नाट्यगृहातलं चित्रण: रॉकरचा झटका, फोकस आणि सरकतं झूम

रांग_जे (धागाकर्ता)

मंडळी, तीन अंकी नाटकाचं चित्रण करायचं आहे. सोनी एफएक्स६ कॅमेरा आणि त्यावर एफई पीझेड २८-१३५ एफ/४ जी ओएसएस ही मोटरने झूम होणारी लेन्स. कॅमेरा एकच. ट्रायपॉड मधल्या रांगांच्या मागे, रंगमंचाच्या कडेपासून साधारण १५ मीटरवर. ४के २५पी (सेकंदाला २५ फ्रेम) मध्ये घ्यायचं आणि शेवटी एचडीत द्यायचं. रंगीत तालमीच्या चाचणीत चार गोष्टी खटकल्या:

१. रॉकर (झूमचं दोन बाजूंनी दाबता येणारं बटण) दाबला की झूम निघताना बारीक झटका बसतो, आणि थांबताना त्याहून मोठा.
२. वाइडला (२८, रुंद दृश्य) फोकस करून आत गेलं की चेहरा मऊ, म्हणजे अस्पष्ट. उलट टेलीला (१३५, जवळचं दृश्य) फोकस करून बाहेर आलं तर सगळं ठीक. लेन्समध्ये दोष आहे का?
३. स्वगत चालू असताना प्रेक्षकाला कळणारही नाही असं सरकतं झूम हवंय. सगळ्यात हळू वेगही जास्त वाटतो.
४. लेन्स भाड्याने देणारा म्हणतो, "त्यापेक्षा १८-११० घ्या, स्वस्त पडेल, तेच ते आहे." खरंच तेच आहे का?

---

लेन्सघाशा

चौथ्याचं उत्तर आधी, कारण तिथे पैसे जायचे आहेत. तेच ते नाही. ई पीझेड १८-११० एफ/४ (२०१६) ही सुपर ३५, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरसाठीची लेन्स आहे आणि २८-१३५ (२०१४, एफएस७ सोबत आलेली) फुल फ्रेमची. एफएक्स६ सुपर ३५ मोडमध्ये टाकला की सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जातो आणि तेवढ्या पिक्सेलमधून ४के निघत नाही, एचडीच मिळतं. एफएक्स३ चंही तसंच. एफएक्स९ किंवा एफएक्स३० असता तर १८-११० बेधडक घ्या म्हटलं असतं. उलट तिचं झूम रिंगला यांत्रिक जोडणीने बांधलेलं असल्यामुळे हाताने झूम करायला ती जास्त बरी.

२८-१३५ मध्ये रिंग हाताने फिरवली तरी आतली भिंगं मोटरच हलवते. त्यामुळे झपकन आत जायला गेलात की चित्र बोटांच्या मागून येतं. हा दोष नाही, तिची बांधणीच तशी आहे. या लेन्सने झपकन झूम करायचंच नाही.

---

टेली_काका

पहिल्या प्रश्नाबद्दल. झटका निम्मा रॉकरचा असतो आणि निम्मा बोटाचा.

रॉकरला मध्यभागी थोडा मेलेला भाग असतो. बोट तेवढं आत जाईपर्यंत काहीच होत नाही, मग एकदम मोटर जागी होते. नवीन माणूस त्या मेलेल्या भागातून जोरात जातो, म्हणून पहिलाच वेग जास्त मिळतो. उपाय: तर्जनी टी (टेली) बाजूवर आणि मधलं बोट डब्ल्यू (वाइड) बाजूवर, दोन्ही सतत टेकलेली. निघायच्या आधी दोन्ही बोटांनी हलकं दाबून धरा. मग मधल्या बोटाचा दाब कमी करत जा. तर्जनीचा वाढवू नका. रॉकर आपोआप टी कडे कलतो आणि मोटर अगदी कमी वेगाने निघते. थांबताना उलटं, तर्जनी न उचलता मधलं बोट परत भरत न्या. बोट उचलून थांबलात तर स्प्रिंग रॉकरला मध्यावर फेकते, तोच तुमचा मोठा झटका.

रिकाम्या स्टेजवर अर्धा तास हाच सराव करा. एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर. बाकी सेटिंगांपेक्षा याने जास्त फरक पडतो.

---

नवखा_२५पी

काका, लेन्सवरचा लीव्हर, ग्रिपवरचा आणि वरच्या हँडलवरचा, असे तीन आहेत. कुठला वापरायचा?

---

टेली_काका

ट्रायपॉडवर असाल तर तिन्हीपैकी एकही नाही. बोट कॅमेऱ्याला लागलं की १३५ ला फ्रेम थरथरते. पॅनबारवर (ट्रायपॉडच्या दांड्यावर) झूम कंट्रोल लावा. एफएक्स६ ला २.५ मिमीचं रिमोट जॅक आहे, लँक (वायरने कॅमेरा चालवायची पद्धत) कंट्रोल त्यावर चालतो. डाव्या हाताला फोकस, उजव्या हाताला पॅनबार आणि अंगठ्याखाली झूम. एफएक्स३ वर हे जॅक नाही. तिथे मल्टी टर्मिनलवरचा किंवा ब्लूटूथचा रिमोट लावावा लागतो, आणि ब्लूटूथवाल्यावर टी/डब्ल्यू ही नुसती बटणं असतात, दाबावर वेग बदलत नाही.

कंट्रोल मिळालाच नाही तर लेन्सच्या अंगावरचा लीव्हर बरा. हँडलवरच्याला मेनूत ठराविक वेग लावून ठेवा आणि तो फक्त सरळ, एकसारख्या झूमसाठी ठेवा.

आणि हो, लेन्सवर झूमसाठी सर्व्हो (मोटरने)/मॅन्युअल (हाताने) असं बटण आहे. ते मॅन्युअलवर राहिलं तर रिमोट काय नि रॉकर काय, काहीच हलत नाही. "कंट्रोल बिघडला" म्हणून येणाऱ्या दहा फोनांपैकी निम्मे याचेच.

---

सायली_फ्रेम

दुसरा प्रश्न: लेन्स ठीक आहे, क्रम उलटा आहे. फोकस नेहमी पूर्ण टेलीला करायचा आणि मग बाहेर यायचं. वाइडला सगळंच धारदार दिसतं, त्यामुळे फोकस चुकीच्या जागी असला तरी कळत नाही.

नाटकासाठी ही पद्धत चालते:

फोकस रिंग मागे ओढा. तिथे अंतराचे आकडे दिसतात आणि दोन्ही टोकांना रिंग थांबते, म्हणजे खुणा टिकतात. रिंग पुढे असली की ती अमर्याद फिरते, तिथे खुणेला अर्थ नाही. लेन्सच्या नळीवर कापडी पांढरी टेप लावा. नाटक सुरू होण्याआधी रंगमंचावर तीन जागी वर्तमानपत्राचं पान धरायला कुणाला तरी उभं करा: पुढची कड, मधला सोफा किंवा टेबल, मागची दारं. प्रत्येक वेळी १३५ ला जा, आयरिस (लेन्समधलं उजेड कमीजास्त करणारं छिद्र) पूर्ण उघडा, चित्र मोठं करून बातमीची बारीक अक्षरं वाचता येईपर्यंत फोकस करा, टेपवर पेन्सिलने रेघ. पीकिंगच्या (धारदार कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगावर विसंबू नका, एफ/४ ला ते अर्धा मीटर पुढेमागेही "बरोबर" दाखवतं.

मग प्रयोगात नट कुठल्या खुणेपाशी आहे हे बघून रिंग फिरवायची. प्रकाश विझतो तेव्हा ऑटोफोकस चाचपडत बसतो, आणि अंधारातून चेहरा उजळतो नेमका त्या क्षणी तो मऊ असतो. नाटकात हे प्रत्येक प्रवेशाला होतं. ऑटोफोकस लावायचाच असेल तर ट्रान्झिशन स्पीड (फोकस सरकण्याचा वेग) १ ते ७ मध्ये ३ च्या आसपास आणि सबजेक्ट शिफ्ट (दुसऱ्याकडे वळण्याची तत्परता) १ ते ५ मध्ये १-२, म्हणजे मध्ये कुणी आडवं गेलं तरी तो लगेच उडी मारत नाही.

---

लेन्सघाशा

सायलीताईंच्या म्हणण्याला आकडे जोडतो. धूसरपणाचं चालण्याजोगं वर्तुळ ०.०३ मिमी धरलं तर १३५ मिमी, एफ/४, १५ मीटर या हिशेबात धारदार पट्टा साधारण १३.६ ते १६.६ मीटर, म्हणजे तीन मीटरचा. तोच २८ मिमीला साडेचार मीटरपासून थेट अनंतापर्यंत. म्हणून वाइडला फोकस पाच मीटरवर पडला आहे की चौदावर, डोळ्याला कळणं शक्यच नाही.

आता मला मुळातच खटकलेली गोष्ट: १५ मीटर ही जागा. हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी ३६ मिमी, भागिले फोकल लेन्थ, गुणिले अंतर. १५ मीटरवरून:

२८ मिमी: फ्रेमची रुंदी १९ मीटर
४५ मिमी: १२ मीटर
१३५ मिमी: ४ मीटर (उंची सव्वादोन मीटर)

रंगमंचाची कमान १०-१२ मीटरच्या आत असेल तर २८ ते ४५ मध्ये भिंती, दिव्यांचे खांब आणि पुढच्या रांगेतली डोकीच येणार. म्हणजे पाचपट झूमच्या लेन्समधलं तिप्पटच वापरताय. आणि सगळ्यात जवळची फ्रेम म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत उभा माणूस. क्लोजअप नाहीच. १५ मीटरवरून ६० सेंटिमीटर उंचीची चेहऱ्याची फ्रेम हवी असेल तर ५०० मिमी लागेल.

९ मीटरवर या. २८ ला साडेअकरा मीटर, १३५ ला २.४ मीटर रुंद आणि १.३५ उंच, म्हणजे कमरेपासून वर. सगळी लेन्स कामी येते. पण फुकट काही नाही: त्या अंतरावर १३५ ला धारदार पट्टा जेमतेम एक मीटर उरतो, ८.५ ते ९.६. सोफ्यावरून उठून दाराकडे गेलेला नट त्यातून बाहेर जातो. तेव्हा टेपवरच्या रेघा तीनऐवजी पाच कराव्या लागतील.

---

कट_टू

संकलकाच्या बाजूने दोन शब्द. १५ मीटरवरच राहावं लागलं (व्यवस्थापक पुढच्या खुर्च्या काढू देत नाहीत, आणि त्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या शिव्या कोण खाणार) तरी ४के ची एचडी करताना दुप्पट जागा असते. १३५ ची चार मीटरची फ्रेम टाइमलाइनवर दोन मीटरची करता येते. त्यामुळे चित्रण करताना जेमतेम कमरेपर्यंत पोहोचता येत नाही म्हणून हातपाय झाडू नका. उभा माणूस डोक्यावर मोकळी जागा ठेवून नीट, स्थिर द्या, बाकीचं टेबलावर होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. अतिहळू झूम लेन्सने करूच नका. समजा सर्व्होच्या सगळ्यात हळू वेगाला २८ ते १३५ जायला ६० सेकंद लागतात. तुम्हाला ५० वरून ७० ला जायचंय. हा पट्टा पूर्ण झूमच्या साधारण पाचवा भाग (लॉगॅरिदमच्या हिशेबाने २१ टक्के), म्हणजे १३ सेकंदात संपला. स्वगत मात्र ४५ सेकंदांचं. मोटर याहून हळू गेली तर ती पायऱ्यापायऱ्यांनी चालल्यासारखी दिसते. त्यापेक्षा ५० ला स्थिर धरा आणि १०० टक्क्यांपासून १४० टक्क्यांपर्यंत संगणकावर ४५ सेकंदांत न्या, दोन्ही टोकांना वक्र मऊ करून. एचडीसाठी १४० टक्के म्हणजे काहीच नाही.

---

टेली_काका

कट_टू यांचं पटतं, पण अर्धंच. दीडशे-दोनशे मिनिटांच्या नाटकाला कोण टेबलावर झूम घालत बसणार? संस्थेला दोन दिवसांत लिंक हवी असते. थोडं कॅमेऱ्यावर जमलंच पाहिजे.

स्टॉपवॉच घ्या. मेनूत ठराविक वेग १ ते ८ असे असतात, स्टँडबाय आणि रेकॉर्डिंगसाठी वेगवेगळे ठेवता येतात (एफएक्स३ ला नक्की, तुमच्या कॅमेऱ्यात ज्या कंट्रोलला जसे असतील तसे). प्रत्येक वेगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा आणि कागदावर लिहून ट्रायपॉडच्या पायाला चिकटवा. मग "या वाक्याला २० सेकंद आहेत, वेग २" असं डोळे झाकून ठरवता येतं. रेकॉर्डिंगचा वेग १ किंवा २, स्टँडबायचा ८. दोन प्रवेशांच्या मध्ये लवकर परत यायला उपयोगी.

---

लेन्सघाशा

काकांच्या कागदात एक भर. पूर्ण झूमचे सेकंद पुरेसे नाहीत, मधल्या जागाही मोजा: २८ वरून ५६, ५६ वरून ११२. दोन्हींमध्ये माणूस दुप्पट मोठा होतो, म्हणून डोळ्याला दोन्ही सारखेच वाटायला हवेत. पण मोटर जर मिलिमीटरच्या हिशेबाने एकसारखी चालत असेल, तर २० सेकंदांच्या झूममध्ये पहिलं दुप्पट सव्वापाच सेकंदात होतं आणि शेवटचं (६७ ते १३५) साडेबारा सेकंदात. म्हणजे आत जाताना सुरुवातीला धाव आणि शेवटी रांगणं. बाहेर येताना त्याच्या उलट, आणि शेवट धावत झाला की तो फारच डोळ्यात खुपतो. आपल्या लेन्समध्ये कुठे किती लागतात हे कळलं की बोटाने भरपाई करता येते: बाहेर येताना शेवटच्या तिसऱ्या भागात दाब कमी करत यायचं.

---

सायली_फ्रेम

झूम फ्रेमच्या मध्यबिंदूकडे जातो, चेहऱ्याकडे नाही. वाइडमध्ये उभ्या नटाचा चेहरा वरच्या तिसऱ्या भागात असतो. नुसता रॉकर दाबला तर शेवटी पोटाची फ्रेम मिळते, आणि मग घाईघाईने टिल्ट (कॅमेरा कलवणं) वर. त्यामुळे आधी आत जाऊन शेवटची फ्रेम बघून ठेवा, बाहेर या, मग झूमबरोबर टिल्ट चालू ठेवा. टिल्ट झूमच्या किंचित आधी सुरू करायचा आणि दोन्ही एकाच क्षणी थांबवायचे.

हे जमायला ट्रायपॉडचं हेड नीट बसलेलं लागतं. क्रम असा: ड्रॅग (हेड फिरताना होणारा रोध) शून्य करा, प्लेट पुढेमागे सरकवून समतोल साधा, मग काउंटरबॅलन्स (कॅमेरा झुकू न देणारी स्प्रिंग), शेवटी ड्रॅग. लेन्स १२१५ ग्रॅम आणि कॅमेऱ्याचं अंग ८९० ग्रॅम, म्हणजे वजन पुढे जातं. प्लेट लेन्सखालच्या पायाला लावावी. कॅमेऱ्याचा तळ आणि लेन्सचा पाय दोन्ही एकाच सपाट प्लेटवर स्क्रूने आवळू नका. उंचीत केसभर फरक असला तरी माउंटवर ताण येतो आणि कडा एका बाजूने मऊ दिसायला लागतात. या लेन्सचं एक बरं आहे, झूम आतल्या आत होतं, लांबी बदलत नाही, त्यामुळे एकदा साधलेला समतोल झूमने बिघडत नाही.

ट्रायपॉडवर ओएसएस (लेन्समधली थरथर रोखणारी सोय) बंद. चालू राहिलं तर पॅन थांबवल्यावर फ्रेम किंचित पुढे जाऊन मागे येते. बटण लेन्सच्या अंगावरच आहे.

---

नवखा_२५पी

एफ/४ पुरतं का नाटकाच्या प्रकाशात? माझ्याकडच्या फोटोच्या लेन्सा एफ/२.८ आहेत.

---

सायली_फ्रेम

पुरतं. एफएक्स६ मध्ये एस-लॉग३ (नंतर रंग जुळवायची रेकॉर्डिंग पद्धत) ला दोन मूळ आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आहेत, ८०० आणि १२८००. मंद निळ्या प्रवेशांना १२८०० घ्या. प्रकाश भरला की आयएसओ न बदलता आतला एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) आणा. तो १/४ पासून सुरू होतो, म्हणजे १२८०० चं काम ३२०० सारखं होतं, आणि पुढे १/१२८ पर्यंत सलग वाढवता येतो. आयरिस मात्र हाताने, एका जागी. ऑटो आयरिस ठेवलात तर झूम करताना पांढरं धोतर फ्रेममध्ये मोठं होतं आणि चेहरा काळवंडतो.

शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने दिवे लुकलुकत नाहीत. नवे एलईडी पार कॅन (रंगमंचाचे दिवे) मात्र स्वतःच्या लयीत लुकलुकतात. रंगमंचावरचा प्रत्येक रंग एकदा मंद करून बघा; पट्टे दिसले तर बारीक पायऱ्यांनी बदलणारं शटर वापरा.

फोटोच्या एफ/२.८ झूमबद्दल: बहुतेकांमध्ये झूम केलं की फोकस सरकतो, कारण त्या तशा बांधलेल्याच नाहीत. चित्रण चालू असताना झूम करायचं नसेल तर उत्तम.

---

पीएल_वाला

धाग्यात फुजिनॉनच्या कॅब्रिओ सिनेलेन्सांचं नाव अजून कसं आलं नाही? फुजिनॉन १९-९० टी२.९ (टी म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष येणाऱ्या उजेडाचा आकडा) किंवा कॅनन १७-१२० घेतली तर खऱ्या सिनेलेन्सचा सर्व्हो काय ते कळेल.

---

लेन्सघाशा

कळेल, पण एफएक्स६ वर नाही. दोन्ही सुपर ३५ साठीच्या. फुल फ्रेमला कोपरे काळे, आणि सुपर ३५ केलं की पुन्हा एचडी. वर लिहिलंच आहे.

---

पीएल_वाला

मान्य, माझंच चुकलं, कॅमेरा नीट वाचला नाही. तरी एफएक्स९ वगैरेवर घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण या लेन्सांचे घोळ वेगळे आहेत.

*वजन.* अडीच ते तीन किलो. सोनीच्या ई माउंटवर पीएल (सिनेलेन्सांचं माउंट) अडॅप्टर लावून नुसती टांगायची नाही. १५ मिमीचे रॉड आणि लेन्स सपोर्ट हवाच, नाहीतर फॉलो फोकस (फोकस फिरवायचं चाक) फिरवला की चित्र उडी मारतं.

*वीज.* ड्राइव्ह युनिटला १२ व्होल्ट लागतात. ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यात ते १२ पिनी हिरोसे सॉकेटमधून मिळतात. तसं सॉकेट कॅमेऱ्यावर नसेल तर बॅटरी प्लेटच्या डी-टॅपवरून (वीज देणाऱ्या सॉकेटवरून) केबल आणा. अशा जोडणीत ग्रिपवरचं रेकॉर्ड बटण दाबून कॅमेरा सुरू होत नाही, हे आधीच लक्षात घ्या. २० पिनी सॉकेट पॅनबारच्या झूम आणि फोकस कंट्रोलसाठी.

*सर्व्होवर असताना रिंग हाताने ढकलू नका.* दात घासतात. घाई असेल तर आधी बटण मॅन्युअलवर.

*उजेड घसरणं.* कॅनन १७-१२० ही ९१ मिमीपर्यंत टी२.९५ आहे आणि १२० ला टी३.९, म्हणजे ०.८ स्टॉप. फुजिनॉन ८५-३०० ही सुरुवातीला टी२.९, मग घसरत ३०० ला टी४. पूर्ण उघडी ठेवून आत गेलात तर चित्र डोळ्यांदेखत मंद होतं. आयरिस आधीच टी४ ला ठेवा, प्रश्न मिटला. २८-१३५ सारख्या स्थिर एफ/४ वाल्यांना ही भानगड नाही.

*बॅकफोकस.* हा मोठा विषय.

---

नवखा_२५पी

तोच सांगा, कुणी नीट सांगत नाही.

---

पीएल_वाला

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: पीएल ५२.०० मिमी, ईएफ (कॅनन) ४४.००, बी४ (ब्रॉडकास्ट) ४८.००, ई १८.००. अडॅप्टर केसभर जाड-पातळ असला की झूमभर फोकस टिकत नाही.

लक्षण: टेलीला फोकस केला, बाहेर आलो, वाइड मऊ. रांग_जे यांचं याच्या बरोबर उलटं आहे, म्हणून त्यांची लेन्स ठीक.

का ते बघा. फरक ०.०५ मिमी धरा. ९० मिमीला त्यामुळे फोकस अनंतावरून साधारण १६० मीटरवर येतो, कुणाला कळणारही नाही. १९ मिमीला तोच फरक फोकस सात मीटरवर आणतो. टी२.९ ला ४के मध्ये मागचा पडदा मऊ झालेला दिसतो.

जुळवायची रीत:

सीमेन्स स्टार, म्हणजे मध्यातून निघणाऱ्या काळ्यापांढऱ्या पाकळ्यांचा तक्ता, तीन मीटर किंवा त्याहून लांब लावा. आयरिस पूर्ण उघडा. उजेड जास्त वाटला तर एनडी घाला, आयरिस मिटू नका. मॅक्रो (अगदी जवळच्या चित्रणाची सोय) बंद आहे ना बघा. पूर्ण टेलीला जा, फोकस रिंगने मधली पाकळी जास्तीत जास्त आतपर्यंत सुटी दिसेपर्यंत आणा. आता पूर्ण वाइड. फोकस रिंगला हात लावायचा नाही. बॅकफोकसचा स्क्रू सैल करून फक्त ती रिंग फिरवा. पुन्हा टेली, पुन्हा फोकस रिंग. पुन्हा वाइड, पुन्हा बॅकफोकस. तीन-चार फेऱ्यांत काही बदलेनासं झालं की स्क्रू आवळा, आणि आवळल्यावर एकदा वाइड बघा, कारण आवळताना रिंग सरकते.

सोनीच्या २८-१३५ ला अशी रिंग नाही. तिथे वाइड मऊ पडत असेल तर सर्व्हिस सेंटर.

---

टेली_काका

केबलवाल्यांकडे जुन्या बी४ ईएनजी (बातम्यांच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सा धूळ खात पडल्या आहेत. कुणीतरी विचारेलच म्हणून: दोन-तृतीयांश इंची लेन्सचं चित्र ११ मिमीचं असतं. सुपर ३५ भरायला भिंगवाला अडॅप्टर लागतो, अडीच पटीचा धरला तर उजेड २.६ स्टॉप कमी, म्हणजे एफ/१.८ ची लेन्स साडेचारची झाली. बिनभिंगाचा स्वस्त अडॅप्टर घेऊ नका. त्या लेन्सा तीन सेन्सरांच्या प्रिझमसाठी काढलेल्या असतात, एका सेन्सरवर उघड्या आयरिसला कडांना जांभळी झालर येते.

---

रांग_जे

सगळ्यांचे आभार. ठरलं: २८-१३५ च, कॅमेरा ९-१० मीटरवर (व्यवस्थापकांशी बोललो, बाजूच्या वाटेला लागून एक जागा देतात), पॅनबार कंट्रोल, पाच रेघांची टेप. दोन शंका उरल्या. झूमची घरघर माइकमध्ये येते का? आणि भाड्याची लेन्स उचलताना काय तपासू?

---

कट_टू

कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये शांत प्रवेशांत येते. तो माइक फक्त ट्रॅक जुळवायला ठेवा. खरा आवाज साउंड मिक्सरवरून एक्सएलआर केबलने हँडलच्या इनपुटमध्ये, इनपुट लाइनवर. माइकवर राहिलं तर सगळं फाटतं आणि नंतर दुरुस्त होत नाही.

कार्डाचंही बघा. एक्सएव्हीसी-आय (सोनीचा रेकॉर्डिंगचा प्रकार) ४के २५पी म्हणजे २५० एमबीपीएस, तासाला साधारण ११२ जीबी. १६० जीबीचं कार्ड एका अंकाला पुरेल, दोनला नाही. दोन्ही स्लॉट भरा आणि रिले रेकॉर्डिंग (एक कार्ड भरलं की दुसऱ्यावर) लावा, नाहीतर कार्ड नेमकं भांडणाच्या प्रवेशात संपतं.

---

पीएल_वाला

लेन्स दुकानातच कॅमेऱ्याला लावून बघा, पेटी उघडून नुसतं काचेकडे बघून काही कळत नाही.

सगळ्यात हळू वेगाला टोकापासून टोकापर्यंत दोन्ही दिशांनी. कुठे अडखळली, आवाज बदलला, तर दुसरी मागा. मध्ये कुठेतरी एका छोट्या वस्तूवर मध्यबिंदूची खूण ठेवून झूम करा. वस्तू खुणेवरून थोडी सरकली तर चालेल, उडी मारली तर नाही. टेलीला फोकस, वाइडला तपास, परत टेली. तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. फोकस रिंग पुढेमागे घट्ट बसते का, मध्येच निसटत नाही ना. आयरिसचं क्लिक बंद होतं का, नाहीतर चालू चित्रणात उजेड पायऱ्यांनी बदलतो. झूम रिंगच्या दिशेचं बटण तुमच्या हाताला सवय असेल तिकडे. पुढचा हूड आणि ९५ मिमीचं झाकण पेटीत आहे का, ते हरवलं की दंड तुमच्या नावावर.

आणि कॅमेऱ्यात क्लियर इमेज झूम चालू असेल तर बंद करा, झूम फक्त ऑप्टिकल. नाहीतर १३५ च्या पुढे रॉकर दाबून ठेवला की कॅमेरा गुपचूप चित्र ताणतो आणि तुम्हाला वाटतं लेन्सच मऊ आहे.

---

सायली_फ्रेम

बाजूच्या वाटेला लागून म्हणजे कॅमेरा तिरका बसणार. मग रंगमंचाची जवळची आणि लांबची बाजू यांच्या फोकसमध्ये फरक पडतो. पाच रेघा मध्यरेषेवर घेतल्यात तर लांबच्या विंगेतून येणाऱ्या प्रत्येकाला चुकतील. डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक जास्तीची रेघ घ्या, दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलने. अंधारात रंग ओळखू येत नाही, तेव्हा एक रेघ लांब, एक आखूड ठेवा, आणि टेपवर टाकायला छोटा लाल टॉर्च खिशात असू द्या.